कापायला हात धजावत नाही

प्रश्न : मी घरीच ब्लाउज शिवते. फॉल-पिको, हुक, उसवलेलं शिवून देणं ही कामं लगेच होतात. पण नवा ब्लाउज, त्यातून पैठणीचा असला, की पिशवीतच पडून राहतो. ‘परवा देते’ म्हणते आणि लग्नाच्या आदल्या रात्री जागून शिवते. २१ दिवस केलं की सवय लागते असं ऐकून रोज सकाळी नऊला मशीनवर बसायचं ठरवलं. दुसऱ्याच आठवड्यात मोडलं. मी मुळातच आळशी आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, रात्रभर जागून ब्लाउज पुरा करणाऱ्या बाईला आळशी कोण म्हणेल?

आयटीआयमध्ये मुलींना शिवण शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. वर्गात हेच चालायचं. कापड पसरून झालं, आखणी झाली, की कुणी खडूला धार लावतंय, कुणी पुन्हा इस्त्री फिरवतंय. कात्री काही हातात येत नसे. चुकलेली टीप उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा सांधता येत नाही. पैठणीचा तर पीसच मोजका, बाहीचा काठ गेला तर तसा दुसरा आणणार कुठून? तुम्ही काम टाळत नाही, ती धास्ती टाळता. पिशवी नजरेआड केली की हायसं वाटतं, आणि तेवढ्यासाठीच ती उद्याही तिथेच राहते. वर फॉल-पिको चालूच असतं, त्यामुळे रिकामं बसल्याची टोचणीही लागत नाही!

आता एवढंच करा. मापं वहीत उतरवली की गिऱ्हाईक दारात चपला घालतंय तोवर अस्तर पाण्यात घाला. सुती अस्तर आटतं, म्हणून भिजवायचं असतंच. रात्री ते दोरीवर. सकाळी दोरीवरून काढलं की घडी करायची नाही, थेट इस्त्री, आखणी आणि कात्री. अस्तर कापायला भीती कसली? बिघडलंच तर दुसरं आणता येतं. आणि कापलेलं अस्तर हाच तुमचा नमुना. तो पैठणीवर ठेवा, काठ जुळवा, पिना लावा. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, आणि गळा दोन्ही आधी कमीच खोल घ्या. नंतर वाढवता येतात.

नऊचा नेम मोडला त्याचं नवल नाही. त्या वेळी घरात डबे, पाणी, गॅसवाला, सगळं एकदम येतं. घड्याळापेक्षा ‘हे झालं की ते करायचं’ अशी जोडी लावलेली जास्त टिकते. ‘असं झालं की तसं करायचं’ हे आधीच ठरवून ठेवलं की काम तडीस जायला मदत होते, असं मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं. दोरीवरचं अस्तर ही तुमची जोडी.

२१ दिवसांचं म्हणाल, तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस तरी लागतात. त्यातलं ‘निदान’ गळलं आणि आकडा तेवढा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी पुढे ९६ जणांच्या रोजच्या सवयी १२ आठवडे टिपल्या. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा मोडलं म्हणून सोडू नका.

‘परवा देते’ मात्र बंद करा. ‘उद्या दुपारी फोन करून तारीख सांगते’ म्हणा, आणि फोन अस्तर कापून झाल्यावरच करा. एखादी बाई कुरकुर करेल, करू द्या. लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्या दारात बसण्यापेक्षा तिलाही ते बरं.

आणखी एक. ‘आधी मॅचिंग अस्तर आणते’ हा टाळाटाळीचा सगळ्यात सभ्य प्रकार आहे. बाजारात गेलं की दुपार गेलीच. लग्नसराईआधी पांढरं, लाल, हिरवं आणि मरून अस्तर घरात आणून ठेवा.