सकाळी पहिल्यांदा 'डी'मध्ये (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी क्षणभर हलत नाही, मग झटका देते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ९५ हजार किलोमीटर झालीये, गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही, सर्व्हिस सेंटरच्या मते ते बदलायचंच नसतं, आणि आता एक गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवून खोलू म्हणतोय. इतक्यात कुणालाही तो खोलू देऊ नका. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून गिअरबॉक्स गेलाय असं मला वाटत नाही. आधी ऑइल बघायला हवं.

ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगणाचं काम करत नाही. त्याच्याच दाबाने आतल्या क्लच प्लेटा आवळल्या जातात, तेव्हा कुठे गिअर पडतो. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे जाते तीही ऑइलमधूनच. गाडी रात्रभर उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं थोडं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरू शकतं. त्यात लेव्हल कमी असेल, तर सकाळी पंपाला दाब तयार करायला वेळ लागतो. तुम्हाला जाणवतो तो क्षण हाच. आतली रबरी सिलं जुनी होऊन कडक झाली असतील तरी असंच होतं: थंडपणी दाब गळतो, गरम झाल्यावर सिलं नरम पडतात आणि गाडी नीट चालते.

म्हणून माझा पहिला प्रश्न: गाडी चांगली तापल्यावरही असंच होतं का? फक्त पहाटे होत असेल तर अजून वेळ आहे. पण थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर गिअर उशिरा पडत असेल, तर पातळ झालेल्या ऑइलचा दाब आत कुठेतरी गळतोय किंवा पंप झिजलाय. ते जास्त गंभीर.

झटक्याचं कारण मात्र वेगळंही असू शकतं. थंड इंजिनाचा आरपीएम (फिरण्याचा वेग) चढलेला असतो आणि त्याच वेळी डी लावला की धक्का बसतो. काटा खाली येईपर्यंत थांबून डी लावून बघा. इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग तुटलं असेल तरीही असाच दणका बसतो. हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून कुणालातरी आर (रिव्हर्स) आणि डी लावायला सांगा आणि तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहून (समोर नाही!) उघड्या बॉनेटमधून बघा. इंजिन उडी मारत असेल तर गिअरबॉक्सला दोष देण्यात अर्थ नाही.

आता ऑइल. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांमध्ये लेव्हल बघतात ती सपाट जागी, गाडी गरम आणि इंजिन चालू असताना, लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, त्यामुळे मॅन्युअल उघडाच. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. त्यांची लेव्हल लिफ्टवर, ऑइल ठराविक तापमानाला असताना, बोल्ट काढून बघावी लागते. दोन थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी झालं असेल तर बदलायला झालंय. काळं आणि जळकट वास असेल तर क्लच प्लेटा जळल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट ऑइलमध्ये शिरलंय, मग गाडी तिथेच बंद करा. (काही कंपन्यांचं नवं ऑइल लाल नसतं, तेव्हा रंगापेक्षा वासावर भर द्या.)

'आयुष्यभराचं ऑइल' यावर विश्वास ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. झेडएफ ही कंपनी कितीतरी ब्रँडच्या गाड्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, आणि तीच आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, फार तर ८ वर्षांनी, बदलायला सांगते. जुनं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बंद पडतो, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. हा समज पसरतो कारण लोक आतल्या प्लेटा घसरायला लागल्यावरच, म्हणजे आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही तेव्हाच, ऑइल बदलायला आणतात, आणि झिजलेल्या प्लेटा नव्या ऑइलने भरून येत नाहीत. तुमच्या गाडीच्या प्लेटा अजून घसरत नाहीयेत, म्हणजे बदलायची वेळ हीच.

बदलताना चेंबर उतरवून फिल्टरही बदलायला लावा, आणि आतलं मॅग्नेट स्वतः बघा. त्यावर बोटाला लागेल असा करडा, मऊ लेप असतो. तो नेहमीचाच. पण चकाकणारे कण किंवा धातूचे तुकडे हाताला लागले, तर मात्र गिअरबॉक्स खोलावा लागेल. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. थोडं चालवून पुन्हा एकदा बदललेलं चांगलं. जुन्या गिअरबॉक्सवर मशीनने जोरात फ्लश करायला मी तरी नाही म्हणेन. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच स्पेसिफिकेशनचं हवं. सीव्हीटीत (गिअरांऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) गेलं तर बेल्ट घसरतो आणि पुली खराब होतात.

पुढे ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका: आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही, एकाच वेगात हलका रेस ठेवून जाताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून पडणं. शेवटच्यात कंप्युटरने गिअरबॉक्स वाचवायला स्वतःच तसं केलेलं असतं. तेव्हा गिअरबॉक्सच्या कंप्युटरचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा, स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे वाचतात. दोष एखाद्या सोलेनॉइडचा (ऑइलचा दाब वळवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा वायरिंगचा निघाला, तर सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

मॅन्युअल गाडीवाले हे वाचत असतील तर एकच: न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच येत असेल तर रिलीज बेअरिंग.

सवयी दोनच सांगतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीमधून आरमध्ये जाऊ नका. आणि चढावर पार्क करताना आधी न्यूट्रल आणि हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल करून गाडी टेकू द्या, मग पी (पार्क). नाहीतर गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर येतं.

आणि कधी गाडी बंद पडून टो करावी लागली तर इंजिन जी चाकं फिरवतं ती जमिनीवर ठेवू देऊ नका, सरळ फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आणि चाकांबरोबर गिअरबॉक्स आतून कोरडा फिरत राहतो.