कॉलेज फुटबॉल प्लेऑफमध्ये १२ संघ झाले, तरी निवडीवरून भांडणं का थांबत नाहीत?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉल) प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, चारच्या जागी १२ संघ घ्यायला लागले, तरी दर डिसेंबरला निवडीवरून रणकंदन का माजतं, आणि निवड समिती बड्या संघांना झुकतं माप देते का. मी मिडवेस्टात राहतो. इथे हिवाळ्याच्या तोंडावर शनिवारी दुसरा विषयच नसतो, त्यामुळे माझंही एक मत बनलंय. वशिलेबाजी हा मला मूळ रोग वाटत नाही. समितीने नेमकं काय मोजायचं हेच कुणी पक्कं ठरवून दिलेलं नाही, तो खरा रोग. आणि जागा वाढवून तो बरा होत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आयपीएलमध्ये १० संघ, प्रत्येकी १४ सामने, समोर गुणतक्ता; पहिले चार आत, बाकीचे घरी. कुणी कितीही आदळआपट केली तरी तक्ता बदलत नाही. इथे वरच्या श्रेणीत २०२५मध्ये १३६ संघ होते आणि प्रत्येकाचे नियमित सामने १२. बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये आपसांत नऊ सामने, तर एसईसीमध्ये २०२५पर्यंत आठच. त्यामुळे ११ जिंकून एक हरलेला संघ सरस की अवघड वेळापत्रकात नऊ जिंकून तीन हरलेला, हे कुठलाही तक्ता सांगू शकत नाही. म्हणून १३ जणांची समिती बसते. त्यात बहुतांश विद्यापीठांचे क्रीडा संचालक, शिवाय काही माजी प्रशिक्षक आणि खेळाडू. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सदस्याने चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हायचं, असा नियमही आहे.

निकष कागदावर आहेत: वेळापत्रक किती कठीण होतं, आमनेसामनेचा निकाल काय, कॉन्फरन्सचं विजेतेपद आहे का, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोण कसं खेळलं, महत्त्वाचा खेळाडू जायबंदी आहे का. पण कशाला किती वजन द्यायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. मग एका वर्षी एक निकष पुढे येतो, दुसऱ्या वर्षी दुसरा.

२०२३ आठवा. तेव्हा चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकून एसीसी या कॉन्फरन्सचा विजेता झाला होता, पण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पाय मोडून बाहेर गेला. समितीने त्यांना वगळून १२ जिंकून एक हरलेल्या (१२-१) अलाबामाला घेतलं. तेव्हाच्या पाच बड्या कॉन्फरन्सपैकी एकीचा अजिंक्य विजेता बाहेर बसण्याची ती पहिलीच वेळ. समितीचं म्हणणं असं की आज मैदानावर उतरला तर हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही. म्हणजे मोसमभर काय कमावलं ते गौण, उद्या काय कराल ते महत्त्वाचं. पुढे ऑरेंज बोल या मोसमाअखेरच्या, प्लेऑफबाहेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं धुतलं, तेव्हा "बघा, समिती बरोबर होती" म्हणणारे लगेच उगवले. फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते, हे मात्र कुणी सांगत नाही.

२०२४ला १२ जागा झाल्या: सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हक्काच्या पाच, उरलेल्या सात खुल्या, समितीच्या क्रमवारीनुसार. शेवटच्या जागेसाठी एसएमयू (११-२) आणि अलाबामा (९-३) यांच्यात चुरस होती. एसएमयूने एसीसीची अंतिम लढत क्लेमसनकडून शेवटच्या किकवर, ५६ यार्डांच्या फिल्ड गोलने गमावली होती. समितीने एसएमयूला घेतलं. या वेळी कमाई मोठी ठरली आणि "उद्या कोण जिंकेल" हा प्रश्न कपाटात गेला. मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो. पेन स्टेटने एसएमयूला ३८-१० असं हरवल्यावर अलाबामावाल्यांनी गळा काढला, पण एका सामन्याच्या निकालावरून निवड न्याय्य होती की नव्हती हे ठरत नाही. निवड निकालाच्या आधी करायची असते.

आता २०२५. तुमचा प्रश्न बहुधा यावरूनच आला असावा.

मायामी आणि नोटर डेम, दोघेही १०-२. मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात, ३१ ऑगस्टला, मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलेलं. नोटर डेम त्यानंतर टेक्सस ए अँड एमकडून एका गुणाने हरले आणि मग सलग दहा जिंकले. समिती नोव्हेंबरपासून दर मंगळवारी टीव्हीवर क्रमवारी जाहीर करते. पाच मंगळवार नोटर डेम मायामीच्या वर. पहिल्या यादीत नोटर डेम १०वा, मायामी १८वा. शेवटच्या मंगळवारी नोटर डेम १०वा, मायामी १२वा. शेवटच्या शनिवार-रविवारी दोघांपैकी कुणीच खेळलं नाही. आणि रविवारी ७ डिसेंबरला अंतिम यादी आली तर मायामी १०वा, नोटर डेम ११वा! अकरावी आणि बारावी जागा टुलेन आणि जेम्स मॅडिसन या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांच्या हक्काची, ते क्रमवारीत खाली असले तरी, त्यामुळे नोटर डेमच्या तोंडाला पानं पुसली गेली. ते इतके चिडले की दुसरा कुठलाही बोल सामना खेळायला त्यांनी नकार दिला.

समितीचे अध्यक्ष हंटर युराचेक यांचं स्पष्टीकरण ऐकण्यासारखं होतं. मंगळवारपर्यंत या दोघांच्या मध्ये बीवाययू हा तिसरा संघ होता. बीवाययू शनिवारी टेक्सस टेककडून ३४-७ हरला, खाली घसरला, आणि दोन्ही संघ एकमेकांना चिकटले. मग आमनेसामनेचा निकाल विचारात घेतला. म्हणजे ऑगस्टमधला सामना डिसेंबरात मोजायचा की नाही, हे तिसऱ्याच संघाच्या हरण्यावर अवलंबून! माझ्या मते मायामीला घेणं योग्यच होतं. सारखीच हार-जीत, त्यात एकमेकांशी प्रत्यक्ष सामना झालेला, मग आणखी काय हवं? पण हे योग्य असेल तर ते पहिल्या मंगळवारीही योग्य होतं. पाच आठवडे देशाला उलटं चित्र दाखवायचं आणि शेवटच्या दिवशी पान उलटायचं, यातून लोकांना पाणी मुरल्याचा वास येतो. तो येणारच.

त्याच शनिवारी अलाबामा एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ असा हरला. तिसरी हार. आणि तो होता तिथेच, नवव्या क्रमांकावर! विजेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचल्याबद्दल संघाला शिक्षा करू नये, हा युक्तिवाद मला मान्य आहे. नाहीतर उद्या संघ ती लढत टाळायला बघतील. पण मग बीवाययूही विजेतेपदाचीच लढत हरला होता. एकाला माफी, दुसऱ्याची एका पायरीने घसरण. फरक एकाच पायरीचा, पण त्या एका पायरीवर नोटर डेमचा मोसम संपला. झुकत्या मापाचा आरोप करायचा असेल तर मी इथे बोट ठेवीन.

आणि पैसा आहेच. २०२४ आणि २०२५मध्ये संघ प्लेऑफमध्ये आला की त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळायचे, उपांत्यपूर्व फेरी गाठली की आणखी ४० लाख. नोटर डेम कुठल्याच फुटबॉल कॉन्फरन्समध्ये नाही, त्यामुळे त्यांचा वाटा वाटून घ्यायला कुणी नव्हतं. त्यांच्या संतापात तत्त्व किती आणि हिशेब किती, तुम्हीच ठरवा.

मग सरळ सूत्र लावा, माणसं कशाला, असं नवखा माणूस विचारतो. तेही करून झालंय. १९९८ ते २०१३ बीसीएस नावाची पद्धत होती: संघांना क्रम देणाऱ्या पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतचाचण्या आणि संगणकी क्रमवारी यांची बेरीज, आणि पहिले दोन संघ थेट अंतिम सामन्यात. २००३मध्ये यूएससी दोन्ही मतचाचण्यांत पहिला होता आणि तरी बेरजेत तिसरा आला. अंतिम सामन्यात गेला ओक्लाहोमा, जो आपल्या कॉन्फरन्सची विजेतेपदाची लढत कॅन्सस स्टेटकडून ३५-७ हरून आला होता. शेवटी एलएसयू बीसीएसचा विजेता आणि यूएससी एपी या वृत्तसंस्थेच्या मतचाचणीचा विजेता, असे एका वर्षी दोन राजे झाले. तरी सूत्राचा एक गुण होता, की ते मोसमाआधी सगळ्यांना ठाऊक असायचं. चुकायचं तेव्हाही सगळ्यांदेखत चुकायचं.

जागा १६ किंवा २४ करा, हा उपाय सध्या जोरात आहे. २०२५मध्ये बिग टेनला स्वतःसाठी हक्काच्या जागा वाढवून हव्या होत्या, एसईसीला खुल्या जागा हव्या होत्या. ज्याला ज्यात फायदा तो त्याला न्याय म्हणतो. बाहेर राहिलेला संघ जितका खालचा तितकं त्याचं दुःख हलकं, हे खरं. पण दोन मोसमांचा अनुभव बघा. २०२४चा विजेता ओहायो स्टेट आठव्या मानांकनाचा होता. २०२५मध्ये खुल्या जागांतला अगदी शेवटचा संघ, म्हणजे तोच मायामी, टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवून अंतिम फेरीत गेला आणि १९ जानेवारीला इंडियानाकडून फक्त २७-२१ हरला. उंबरठ्यावरचा संघ विजेतेपदाच्या इतक्या जवळ जात असेल, तर उंबरठ्याबाहेरचा आपणही गेलो असतो असं म्हणणारच, रेषा बाराव्या जागेवर ओढा की सोळाव्या. हक्काच्या जागांवरून टुलेन आणि जेम्स मॅडिसनला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत; दोघंही पहिल्याच फेरीत सपाटून हरले. मला मात्र त्या जागा सगळ्यात स्वच्छ वाटतात. तिथे निदान जिंकून जाता येतं, कुणाच्या मतावर नाही.

माझ्या हातात असतं तर मी मंगळवारचा तमाशा आधी बंद केला असता. एकच यादी, सगळे सामने संपल्यावर. दुसरं, हार-जीत सारखी असेल तर आमनेसामनेचा निकाल बंधनकारक, मध्ये कुणीही असो. आणि प्रत्येक सदस्याचं मत नावासकट जाहीर. गुप्त मतदानाने सदस्यांवरचा दबाव कमी होतो म्हणतात. पण दबाव नको असलेल्या क्रीडा संचालकाने समितीत बसायचं तरी कशाला?

प्रत्यक्षात दुरुस्ती वेगळीच झाली आहे. २०२६पासून हक्काच्या पाच जागांपैकी चार आता उरलेल्या चार बड्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना पक्क्या, म्हणजे छोट्यांना एकच, आणि नोटर डेम पहिल्या १२ मध्ये असेल तर त्यालाही पक्की. हाच नियम २०२५च्या यादीला लावून बघा. आठ जिंकून पाच हरलेला ड्यूक एसीसीचा विजेता म्हणून आत येतो आणि जेम्स मॅडिसन बाहेर जातो. अकराव्या क्रमांकाचा नोटर डेम आत येतो. आणि त्याला जागा करून द्यायला बाहेर जातो दहाव्या क्रमांकाचा मायामी, ज्याने त्याला ऑगस्टमध्ये हरवलं होतं.