‘माका काय्येक होणा नाय, मगे नळी कित्याक?’

मोठं आतडं कॅमेऱ्याच्या नळीने आतून बघतात, त्या तपासणीबद्दल (कोलोनोस्कोपी) हा प्रश्न सिंधुदुर्गात सतत कानावर येतो. बरोबर ‘मोडाचा त्रास असेल’ हेही असतंच. अशा वेळी आकडे ऐकवून माणूस हलत नाही. भीतीशी वाद घालण्यापेक्षा ती नेमकी कशाची आहे, हे विचारावं, या मताची मी आहे.

देवगडजवळचे एक बागायतदार, वय ५१. थोरल्या भावाला ५४व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. मुलगा तपासणीसाठी मागे लागला होता, पण हे बागायतदार काका दर वेळी ‘आंबो संपू दे’ म्हणत.

काकांनी विचारलं, “शौचाची डबीतली तपासणी करतंय, ती चलात ना?”

ती चाचणी वाईट नाही. शौचातलं न दिसणारं रक्त ती पकडते, पथ्यही लागत नाही. पण कोंब (आतड्याच्या आत वाढणारी लहान गाठ, पॉलिप) रोज रक्त गाळत नाही, म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. सख्ख्या भावाला हा आजार असेल तर थेट कोलोनोस्कोपीच बरी : चाळिशीला, किंवा भावाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा. रक्त दिसत असेल, तर डबीवर थांबूच नये.

“नळीची भीती वाटते का?”

“नाय. झोपवतत ना!”

“मग?”

बराच वेळ गप्प. मग खाली बघत म्हणाले, “संडास परसात. रात्रभर फेऱ्ये मारूचे, नि सून घरात.”

कॅन्सर नव्हे, कॅमेराही नव्हे. तपासणीआधी पोट साफ करायचं जुलाबाचं औषध प्यावं लागतं, म्हणून अडचण परसातल्या संडासाची होती. इतके महिने घरचे त्यांना मरणाची भीती घालत होते आणि ते लाजेपायी अडले होते. लाजेला उपाय असतो. कोल्हापूरला आदल्या दिवशी दुपारीच जायचं, खोलीला लागून संडास असलेला लॉज घ्यायचा. औषध पिऊन फोंडा घाट चढायचाच नाही.

आता पोट साफ करण्याचं. सगळं यावर अवलंबून आहे. मळ राहिला तर कोंब लपतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. तीन दिवस आधीपासून नाचणीची भाकरी, पालेभाजी, कुळीथ, ओलं खोबरं बंद. पांढरा भात, काटे काढलेला उकडलेला मासा चालतो. आदल्या दिवशी फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेली पेज, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. सोलकढीही नको. जुलाबाच्या औषधाची पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात असते : अर्धं संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार-सहा तास आधी, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला हवं. गुंगीच्या औषधामुळे त्या दिवशी गाडी स्वतः चालवायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

काकांच्या तपासणीत दोन लहान कोंब निघाले, तिथल्या तिथे काढले. असा कोंब कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. काकांना पुढली तपासणी पाच वर्षांनी.

निघताना काकांनी विचारलं, “कुडाळची भैण ४४ वर्षांची. तिका सांगूक होया?”

हो, आत्ताच. तिला लोहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी त्या थांबवायच्या. आणि तिचं रक्त कमी का होतंय, तेही त्यांनाच विचारायचं.