आधी गोळी बदला, मग बाळाचा विचार

प्रश्न : माझे वय 25 असून लग्नाला आठ महिने झाले. नववीत असल्यापासून मला फिट येत असत. सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असल्याने दोन वर्षांत एकही आलेली नाही. आम्हाला आता मूल हवे आहे. ‘दिवस राहिले की गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील,’ असे सासूबाई म्हणतात. माहेर चंदगडकडे आहे. काय करावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय धोक्याचा आहे. गोळ्या एकाएकी थांबवल्यास लागोपाठ फिट येऊन तुमच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकते. शिवाय बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांतच मिटत असल्याने, पाळी चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या 100 बाळांपैकी सुमारे 10 बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळते, एरवी ते 2 ते 3 बाळांत दिसते. आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या 100 मुलांपैकी 30 ते 40 मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात अडचणी येऊ शकतात.

म्हणून पतीसह बेळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि मूल हवे असल्याचे स्पष्ट सांगा. बहुधा लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम हळूहळू सुरू करून जुनी गोळी उतरवली जाईल. याला काही महिने लागतात. तोवर निरोध वापरावा किंवा तांबी बसवून घ्यावी, कारण लॅमोट्रिजिन सुरू असताना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्यास लॅमोट्रिजिनचे रक्तातले प्रमाण घटते. फॉलिक अ‍ॅसिड किती घ्यायचे तेही त्याच भेटीत विचारा. ते दिवस राहण्याआधीपासूनच घ्यावे लागते.

गरोदरपणातही लॅमोट्रिजिनचे प्रमाण उतरते, त्यामुळे डोस वाढवला तर घाबरू नका. अपस्मार म्हणजे फिटचा आजार असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे निरोगी जन्मतात, हे सासूबाईंनाही तज्ज्ञांच्याच तोंडून ऐकू द्या.

बाळंतपणाला माहेरी जाताना फाईल आणि दोन महिने पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर न्या. राज्याच्या हद्दीपलीकडच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाळाला अंगावर पाजता येईल, मात्र जमिनीवरच्या अंथरुणावर बसून पाजा. रात्रीच्या जागरणाने फिट उचल खाते, म्हणून एखाद्या वेळचे दूध आधीच काढून ठेवून तुमच्या आईला ते वाटीचमच्याने पाजू द्या, आणि बाळाला न्हाऊ घालताना कधीही एकट्या राहू नका.