मुंबईच्या ब्रिटिशकालीन दगडी इमारतींतील नक्षीदार लोखंडी कठडे घडीव आहेत की ओतीव, हे कसे ओळखावे?

एकसारख्या वाटणाऱ्या दोन नक्ष्या शेजारी धरून पाहाव्यात: त्या तंतोतंत जुळल्या आणि कडेला साच्याच्या सांध्याची बारीक रेघ दिसली, तर काम ओतीव, म्हणजे बिडाचे; वेलांटीगणिक किंचित फरक असेल, टोके निमुळती होत गेलेली असतील आणि पट्ट्या रिव्हेटने किंवा लोखंडी कड्यांनी जोडलेल्या असतील, तर ते घडीव समजावे. कारण साधे आहे. बीड वितळवून साच्यात ओततात, म्हणून एकच पान शंभर वेळा हुबेहूब उमटते. घडीव लोखंड मात्र तापवून हातोडीने वळवले जाते आणि प्रत्येक ठोका निराळा पडतो. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसमधील, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधील, लोखंडी व पितळी कठडे आणि तिकीट खिडक्यांच्या जाळ्या तत्कालीन बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांनी घडवल्या. त्या पाहताना भोवतीचा दगडही अवश्य पाहावा, कारण जसे काम तसे साहित्य, हा विचार तिथेही दिसतो: कठीण काळा बेसाल्ट भार पेलतो, पण बारीक छिन्नीला दाद देत नाही, तर पोरबंदरचा मऊ चुनखडक कोरीव कामाला सोपा जातो. मात्र तैलरंगाचे अनेक थर चढलेले असतील, तर रेघ आणि ठोके दोन्ही बुजतात; अशा वेळी रंग खरवडू नये, कठड्याची मागची किंवा खालची बाजू तपासावी.