थंड पाण्यातून बाहेर आल्यावरच जास्त हुडहुडी का भरते? लगेच गरम पाण्याने अंघोळ करावी का?

तुम्ही लिहिलंय की स्कॉटलंडला शिकायला गेल्यापासून तिथल्या तळ्यात वीस मिनिटं पोहता, पाण्यात मस्त वाटतं आणि कपडे बदलून दहा मिनिटं झाली की दातावर दात आपटायला लागतात. मित्र म्हणतात, सरळ गरम शॉवरखाली जा. आधी उत्तर देतो: जाऊ नका. कुडकुडणं थांबेपर्यंत तरी नकोच.

मी मुंबईच्या समुद्रात पोहून वाढलो. धरमतर ते गेटवे पोहताना थंडीचा विचारही मनात येत नाही, इतकं ते पाणी उबदार असतं. पुढे इंग्लिश खाडीच्या रिलेसाठी डोव्हरला गेलो. बंदरात पहिल्या दिवशी पाणी 14 अंश होतं. चाळीस मिनिटं पोहून गोट्यांच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा मी हसत होतो, फोटो काढून घेत होतो. दहा मिनिटांनी जॅकेटची चेन लावता येईना. करंगळी बाकीच्या बोटांपासून फाकून तशीच राहिलेली. कप दोन्ही हातांनी धरूनही चहा मांडीवर सांडला. तिथल्या एक अनुभवी बाई माझ्या डोक्यावर लोकरीची टोपी ओढून मला सारख्या विचारत होत्या, नाव काय, सकाळी काय खाल्लंस. माझी जीभ जड झाली आहे का ते त्या बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेतं. अशा वेळी शरीर कातडीकडच्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि छाती, पोट, डोकं राखतं. म्हणून पाण्यात असताना आपण ठीक असतो. पण बाहेर येतो तेव्हा कातडी, चरबी, दंड-मांड्यांचे स्नायू गारठलेले असतात आणि आतली ऊब त्यांच्याकडे जातच राहते. बर्फात ठेवलेलं कलिंगड बाहेर काढलं तरी त्याचा गाभा अजून थोडा वेळ गार होत राहतो, तसंच. शिवाय चालायला लागलो की गार हातापायांतून फिरून आलेलं रक्त आत येतं. आम्ही थंड पाण्यात पोहणारे याला आफ्टरड्रॉप म्हणतो. बाहेर आल्यावर साधारण 10 ते 30 मिनिटं आतलं तापमान उतरत राहू शकतं. तुमची दहा मिनिटं तीच.

गरम शॉवरने कातडीच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब उतरतो आणि उभ्या उभ्या चक्कर येते. बधिर कातडीला चटकाही कळत नाही. आणि कातडी गरम झाली की मेंदू कुडकुडणं बंद करतो, आत गारवा असतानाही. कुडकुडण्याने शरीर एरवीच्या चार-पाच पट उष्णता तयार करू शकतं. ते दाबू नका, होऊ द्या.

पाण्यात उतरण्यापूर्वीच कपडे घालायच्या क्रमाने रचून ठेवा, आधी घालायचे ते सगळ्यात वर. बाहेर आलात की लगेच अंग पुसा, आधी छाती-पाठ झाका, मग टोपी. बटणं नकोत, सैल कपडे बरे. मग बसा आणि काहीतरी गोड खा. गरम चहाची ऊब तशी थोडीच, पण साखर कुडकुडायला इंधन पुरवते. थरथर पूर्ण थांबेपर्यंत गाडी किंवा सायकल चालवू नका. दारू तर नाहीच.

कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त झाला, शब्द अडखळायला लागले, तोल जायला लागला, तर ती सुधारणा नव्हे. त्याला आडवं झोपवा, चालवू नका, अंग झाका आणि 999 ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा.

सवयीबद्दलही सांगतो, कारण इथेच चांगले पोहणारे फसतात. गार पाण्यात पडल्यावर श्वास अडकतो, छाती धडधडते, ते पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ पाण्यात उतरल्यावर बरंच कमी होतं. पण याचा अर्थ शरीर हळू गार होतं असा नाही. थंडी कमी जाणवते, एवढंच. इंग्लिश खाडी एकट्याने पोहायची तर आधी साधारण 16 अंशाच्या किंवा त्याहून गार पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं, तेही साध्या पोहण्याच्या कपड्यात. पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 मध्ये ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पार करण्याचं आव्हान, पूर्ण केलं, त्यात तुमच्या शेजारची, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनलही आहे. तिथलं पाणी डोव्हरपेक्षाही गार. असं शरीर वर्षानुवर्षांच्या सरावाने घडतं.

ऑक्टोबरनंतर तळं गार होत जाईल तशी तुमची वीस मिनिटं कमी करत न्या. एकट्याने उतरू नका. प्रत्येक वेळी पाण्याचं तापमान, किती मिनिटं पोहलात आणि कुडकुडणं कधी थांबलं हे वहीत लिहून ठेवा. महिन्याभरात तुमचं शरीर किती वेळ मागतं ते तुम्हालाच दिसेल. नोंदी इथे टाकल्यात तर मी नक्की बघेन.