किडनी चांगली राहावी म्हणून रोज चार लिटर पाणी प्यावं का?

तुमचं वय 34, आजार काही नाही, दिवसभर एसीत बसून काम. कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर रोज चार लिटर पाणी पिताय, रात्री तीनदा उठावं लागतंय, तरी 'किडनी धुऊन निघते' या आशेवर सोडवत नाही. आधी हेच सांगतो, की धुऊन वगैरे काही निघत नाही.

मी डॉक्टर नाही. मुतखड्याचा जुना पेशंट आहे आणि माझे वडील शेवटची काही वर्षं डायलिसिसवर होते. म्हणजे एकाच घरात मला 'पाणी वाढव' म्हणून ओरडा बसायचा आणि त्यांना घोटाघोटाचा हिशोब. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली असेल, त्यात अर्धा लिटर मिळवायचा. दिवसभरात तेवढंच, चहा, आमटी, गोळीबरोबरचं पाणी सगळं त्यातच. तेव्हापासून कुणी सगळ्यांना मिळून एकच आकडा सांगितला की मी सावध होतो.

किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला 99 टक्के परत रक्तात जातो, उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी. या 180 पुढे तुमच्या जादा दोन लिटरांनी काय धुतलं जाणार? पाणी कमी पडलं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं, किडनी पाणी धरून ठेवते आणि लघवी गडद होते. पाणी जास्त झालं की ते संप्रेरक घटतं आणि तुम्ही बाथरूमच्या वाऱ्या करता. तुमची किडनी सध्या एवढंच करतेय.

आठ ग्लासांच्या नियमाचं मूळ बरेच जण 1945 सालच्या एका अमेरिकन शिफारशीत शोधतात. तिच्यात अडीच लिटर म्हटलं होतं खरं, पण यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं, असंही लगेच पुढे लिहिलं होतं. ते वाक्य कुणी लक्षात ठेवलं नाही! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये दिलेले आकडे पुरुषांना अडीच आणि बायकांना दोन लिटर असे आहेत, तेही जेवणातलं पाणी धरून. जेवणातून साधारण पाचवा हिस्सा येतो, म्हणजे तुम्हाला प्यायचं उरलं दोन लिटरच्या आसपास. उन्हात राबणाऱ्याला, ताप-जुलाब झालेल्याला अर्थातच जास्त लागतं.

किडनी आधीच कमजोर असेल तर जादा पाण्याने सावरते का, हे कॅनडात तपासून झालंय. 631 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर पाणी वाढवायला लावलं. 2018 मध्ये निकाल आला: किडनीची घसरण दोन्ही गटांत सारखीच.

मुतखड्याचं मात्र वेगळं. तिथे पाणी हेच औषध. इटलीत पहिल्यांदा खडा झालेल्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा भरपूर पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या 12 जणांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 जणांना. मला डॉक्टरांनी किती पितोस हे विचारलंच नाही. "चोवीस तासांची लघवी मोजून आण," म्हणाले. सव्वा लिटर भरली. दोनच्या वर हवी होती. मी तर भरपूर पितो अशा समजुतीत होतो.

तुम्हाला मोजायची गरज नाही. तहान लागेल तेव्हा प्या, लघवी फिकट पिवळी असली की झालं. (बी-व्हिटॅमिनच्या गोळीने ती भडक पिवळी होते, घाबरू नका.) एका बैठकीत लिटर-दीड लिटर रिचवायची पैज मात्र लावू नका, किडनी तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकू शकते, त्याहून जास्त ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मॅरेथॉनमध्ये त्याने माणसं दगावली आहेत.

किडनीची एवढी काळजी असेल तर बीपी आणि साखर तपासून घ्या, अंगदुखीच्या गोळ्या मनानेच रोज घेत असाल तर थांबवा. वडिलांची किडनी साखरेने गेली, पाणी तर ते चांगलं प्यायचे.

आणि झोपण्याआधीचा तो लिटर सोडा, गाढ झोप लागेल. मी रात्री उठतो आणि परत आडवा होण्याआधी अर्धा ग्लास पितो, पण मुतखड्याची कळ मी दोनदा काढलीय, तुम्ही नाही.